कुंडीतल्या मिरचीची पानं पिवळी, देठ जांभळे: खत देण्याआधी काय बघायचं

गच्चीत किंवा बाल्कनीत मिरची लावणाऱ्यांची ही तक्रार दर हंगामात ठरलेली. रोप जोमानं वाढतं, फुलावर येतं, आणि मग आठवड्याभरात खालची पानं पिवळी पडायला लागतात. किंवा शेंडाच फिकट होतो. किंवा देठ आणि खोड जांभळट-काळपट दिसू लागतं. मग कोणी राख टाकायला सांगतं, कोणी अंड्याची टरफलं, कोणी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत). सगळं टाकून होतं, रोप थोडं सावरतं आणि पुढच्या पावसात किंवा थंडीत पुन्हा तेच सुरू होतं.

असा परत परत येणारा पिवळेपणा बहुतेक वेळा खताच्या कमतरतेतून येत नाही. अन्न कुंडीत असतं, मुळांना ते उचलता येत नाही. मुळं पाण्यात गुदमरलेली असतात, माती चुनखडीची असते, पाणी खारं असतं किंवा माती गार पडलेली असते. यातलं नेमकं काय आहे हे न शोधता खत वाढवलं की क्षार वाढतात आणि मुळं आणखी मागे हटतात. म्हणून आधी झाड वाचायचं, मग कुंडी, मग पाणी, आणि खताची पिशवी सगळ्यात शेवटी उघडायची. इथे मिरची मध्यभागी ठेवली आहे, पण टोमॅटो आणि वांगी तिच्याच कुळातली असल्यामुळे बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

ज्या रंगाची काळजी करू नये

मिरचीच्या खोडावर जिथे फांदी किंवा पान फुटतं, त्या पेऱ्यावर जांभळा-काळा पट्टा असणं हा तिचा जन्मजात रंग आहे. संकेश्वरी असो, ज्वाला असो की लवंगी, कमी-जास्त प्रमाणात तो दिसतोच. भर उन्हात ठेवलेल्या झाडात तो गडद होतो. हा पट्टा बघून बुरशीनाशक फवारणारे खूप आहेत, त्याची काही गरज नसते. बोट फिरवून बघा. साल गुळगुळीत आणि टणक असेल, कुठे खोलगट किंवा मऊ लागत नसेल आणि वरचा शेंडा तजेलदार असेल, तर तो रोग नाही.

खोडाचा बुंधा तपकिरी आणि खरखरीत होणं म्हणजे झाड वयात येऊन खोड लाकडासारखं होतंय, इतकंच. फुलातले जांभळे परागकोष, उन्हाकडच्या बाजूला हिरव्या मिरचीवर आलेली काळसर झाक, तळाची एक-दोन म्हातारी पानं पिवळी होऊन गळणं, हेही सगळं नेहमीचंच.

खोडाचा रंग बदलला आणि त्याच वेळी वाढ थांबली किंवा पानं कोमेजली, तरच त्या रंगाची काळजी करा.

पिवळेपणा कुठून सुरू झाला?

निदानातला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडाच्या आत हलवता येतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, त्यामुळे लक्षण खालच्या पानांवर आधी दिसतं. लोह, कॅल्शियम, बोरॉन, मँगनीज एकदा पानात बसले की फारसे हलत नाहीत, म्हणून त्यांची उणीव शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर उघडी पडते.

दुसरी खूण शिरांची. खालचं पान शिरांसकट सारखं फिकट पिवळं झालं तर नत्र. खालच्याच पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. कडा भाजल्यासारख्या तपकिरी असतील तर पालाश कमी किंवा क्षार जास्त. शेंड्याची पानं लिंबासारखी पिवळी, पण शिरांचं हिरवं जाळं स्पष्ट दिसतंय, तर लोह.

तिसरी खूण फारसं कुणी सांगत नाही, पण ती खूप वेळ वाचवते. अन्नद्रव्याची उणीव पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखी दिसते, आणि एका उंचीवरच्या सगळ्या पानांवर जवळपास एकसारखी. ठिपके एका बाजूला जास्त आहेत, एकच फांदी पिवळी आहे, हिरव्या-पिवळ्याचे वेडेवाकडे चट्टे आहेत, तर तो मामला खताचा नाही. तिथे कीड, बुरशी किंवा विषाणू शोधायचा.

पाहणी सकाळी करा. दुपारच्या उन्हात धडधाकट मिरचीही मान टाकते आणि उगाच घाबरवते. पानाची मागची बाजूही बघाच, निम्मी उत्तरं तिथेच असतात.

कुंडीच्या आत

आता हात मातीत. मधलं बोट दोन पेरं आत घाला. वरचा थर सुकलेला आणि आत चिखल, ही स्थिती कुंड्यांमध्ये फार दिसते, आणि वरून सुकं दिसतं म्हणून रोज पाणी घातलं जातं. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा. पाणी घातल्यावर ती किती जड लागते आणि पाण्याची वेळ झाल्यावर किती हलकी, हे हाताला एकदा कळलं की दुसरं कुठलं साधन लागत नाही.

खूप पाणी झालेल्या झाडाची ओळख अशी: पानं पिवळी आणि मलूल, पण माती ओली. तहानलेल्या झाडाची पानंही मलूलच असतात, पण माती सुकी असते आणि पाणी मिळताच तासाभरात झाड उभं राहतं. ओल्या मातीतलं मलूल झाड पाण्यानं उभं राहत नाही, उलट आणखी खचतं.

शंका असेल तर मातीचा गोळा कुंडीतून बाहेर काढून बघाच. आदल्या दिवशी पाणी देऊ नका, म्हणजे गोळा अखंड सुटेल. खोडाला दोन बोटांच्या मध्ये धरून कुंडी आडवी करा आणि कडेवर थोपटा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिक्कट पिवळसर, टणक असतात. तपकिरी, बुळबुळीत, ओढल्यावर साल हातात येणारी आणि कुबट वास मारणारी मुळं म्हणजे मूळकूज. गोळ्याभोवती मुळांचं घट्ट जाळं झालं असेल आणि माती जवळपास उरलीच नसेल, तर झाडाला मोठी कुंडी हवी आहे. मिरचीला १०-१२ इंचांची कुंडी किमान लागते.

पाणी न निचरण्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण म्हणजे नुसती काळी माती. शेतात ती सोन्यासारखी, कारण तिथे तिला खोली आहे आणि उन्हाळ्यात भेगा पडून हवा आत जाते. कुंडीत ती भिजली की फुगून बसते आणि सुकली की कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट खाली जातं, मधला गोळा कोरडा राहतो आणि बशीत पाणी बघून आपल्याला वाटतं की झाड भिजलं. काळी माती वापरायचीच असेल तर एक तृतीयांशाच्या वर नको. बाकी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि निचऱ्यासाठी कोकोपीट, भाताचं तूस किंवा जाड वाळू. भोकं आतून तपासा. मुळांनी किंवा बसलेल्या गाळानं ती बुजलेली असतात. पावसाळ्यात बशी काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. या एका बदलानं जुलै-ऑगस्टमधला निम्मा पिवळेपणा थांबतो.

शेंडा पिवळा: आधी पाण्याची चौकशी

शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. हे लोहाचं लक्षण दिसलं की लोक लोह विकत आणतात. पण आपल्या मातीत लोह भरपूर आहे. देशावरची काळी माती बेसाल्टपासून झालेली, आणि कोकणातला जांभा तर लोहामुळेच लाल. मग झाडाला ते मिळत का नाही?

मिळत नाही ते सामूमुळे, म्हणजे माती किती आंबट किंवा चुनखडीकडे झुकलेली आहे हे सांगणाऱ्या आकड्यामुळे (पीएच). मिरचीला सामू साधारण ६ ते ७ च्या दरम्यान मानवतो. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू बऱ्याचदा ८ च्या आसपास असतो, आणि त्या सामूला लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतं. त्यात बोअरचं पाणी. नळाच्या तोंडावर आणि गीझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर ते पाणी जड आहे, त्यात सामू वर नेणारे बायकार्बोनेट क्षार आहेत. रोज ते घातलं की नर्सरीतून आणलेलं उत्तम मिश्रणही काही महिन्यांत चुनखडीकडे झुकतं. म्हणूनच ही तक्रार परत येते: लोहाची फवारणी पान हिरवं करते, आणि पाणी रोज थोडं थोडं तेच दुखणं परत आणतं.

सामू घरी बघता येतो. कुंडीत दोन-तीन इंच आतून एक वाटी माती घ्या, दोन वाट्या पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घालून ढवळा, अर्धा तास ठेवा आणि वरच्या निवळीत सामूपट्टी बुडवा. आकडा अगदी अचूक नसतो, पण ६ आणि ८ मधला फरक नक्की कळतो. नेमकं हवं असेल तर जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या.

सामू जास्त निघाला तर पहिलं काम म्हणजे राख, अंड्याची टरफलं आणि चुना बंद. या तिन्ही गोष्टी सामू वर नेतात. कोकणातल्या आंबट मातीत मूठभर राख किंवा टरफलाचा चुरा उपयोगी पडेल, तिथे सामू ५ ते ६ च्या घरात असणं नेहमीचं आहे. तोच उपाय सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या काळ्या मातीत दुखणं वाढवतो. घाटाच्या वरचा आणि खालचा सल्ला एकच असू शकत नाही, आणि सामू न विचारता सांगितलेल्या प्रत्येक घरगुती उपायावर माझा पहिला आक्षेप हाच आहे.

दुसरं काम, पाणी बदलणं. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत चांगलं. एसीचं ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. बोअरचंच वापरावं लागत असेल तर बादलीत थोडं थोडं सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) विरघळवत सामूपट्टीवर ६.५ च्या आसपास आणा आणि मगच घाला. किती लागेल हे तुमच्या पाण्यावर ठरतं, म्हणून दुसऱ्याचं प्रमाण उचलू नका, एकदा मोजा आणि लिहून ठेवा. मातीत गंधकाची भुकटी मिसळली तर जिवाणू तिचं आम्लात रूपांतर करतात, पण त्याला आठवडे-महिने लागतात. चुनखडी जास्त असेल तर फरकही थोडाच पडतो.

तोवर झाडाला आधार म्हणून लोह पानावरून द्या. चिलेटेड लोह, म्हणजे ईडीटीए प्रकारातलं १२ टक्के लोह, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंना. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं असेल तर चुनखडीच्या मातीत ईडीटीए टिकत नाही, तिथे ईडीडीएचए प्रकारातलंच घ्या. ते लालभडक रंगाचं आणि महाग असतं, पण जास्त सामूलाही काम करतं. हिराकस (फेरस सल्फेट) स्वस्त पडतं, पण मातीत टाकलं की लगेच अडकतं आणि फवारताना प्रमाण चुकलं तर कोवळं पान भाजतं. कुंडीसाठी मी त्याची शिफारस करत नाही. कृषी सेवा केंद्रात सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडी घेताना ग्रेड १ मातीत देण्यासाठी आणि ग्रेड २ फवारणीसाठी असते, एवढं बघून घ्या.

एक बारकावा पावसाळ्याचा. चुनखडीची माती सलग ओली राहिली की शेंडा तात्पुरता पिवळा होतो आणि चार दिवस उघडीप मिळाली की आपोआप हिरवा होतो. अशा वेळी फवारणीची घाई नको, निचरा बघा.

आरओचं सांडपाणी

हा मुद्दा वेगळा काढतोय, कारण शहरांत तो खूप पसरला आहे. आरओ फिल्टर एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो आणि मूळ पाण्यातले सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगलीच, पण ते फरशी पुसायला वापरा. मिरची क्षारांना नाजूक आहे. पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी साय, आणि ओल असूनही झाड तहानलेलं दिसतं: ही क्षार साचल्याची खूण. खत जास्त झालं तरी अगदी असंच दिसतं. उपाय दोन्हीला एकच. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट चांगलं पाणी सावकाश घालून खालून निथळू द्या आणि दोन आठवडे कुठलंही खत नको. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) हाताशी असेल तर निथळलेलं पाणी मोजत राहा, आकडा उतरताना दिसेल.

भरणच चुकलेलं असेल तर

गच्चीवरच्या बागेत पालापाचोळा, उसाचं पाचट, चिपाडं, लाकडाचा भुसा यांनी कुंडी भरायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे आणि ती चांगली आहे, कारण कुंडी हलकी होते आणि कचरा घरातच जिरतो. पण भरण अर्धंकच्चं असताना रोप लावलं की कुजवणारे जिवाणू नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. झाड आखूड राहतं, खालून वर सारखं पिवळं पडत जातं. मातीत हात घातला की पानांचे तुकडे ओळखू येतात, कधी भरण कोमट लागतं, आणि कुंडीतली पातळी महिन्या-दोन महिन्यांत खूप खाली बसते. इथे मात्र नत्राची उणीव खरीच असते आणि ते द्यावंच लागतं: मूठभर शेंगदाणा पेंड दोन-तीन दिवस भिजवून, त्याचं पाणी दहापट पातळ करून आठवड्यातून एकदा, किंवा १९:१९:१९ लिटरला एक ते दोन ग्रॅम. जीवामृत घातलं तर कुजणं लवकर आटोपेल, पण तेवढ्यानं नत्राची भूक भागेल असं समजू नका.

नत्राची खरी उणीव आणखी एका ठिकाणी दिसते: कोकणात आणि घाटमाथ्यावर, जुलैच्या झडीत उघड्यावर ठेवलेल्या कुंडीत. नत्र पाण्याबरोबर वाहून जातं. तिथे एकदम मोठी मात्रा न देता दर उघडिपीला थोडं थोडं द्या.

कोकोपीटचं वेगळं. स्वस्त विटेत सोडियम आणि पालाश बरंच असतं आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला बाजूला सारतं. वीट भिजवल्यावर ते पाणी फेकून द्या आणि दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन घ्या. कोकोपीट निम्म्याहून जास्त असलेल्या कुंडीत खालच्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडू लागला तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला पाच ग्रॅम घेऊन फवारा. दहा-बारा दिवसांच्या अंतरानं दोन फवारण्या बहुतेकदा पुरतात.

थंडीतला जांभळा रंग

डिसेंबर-जानेवारीत पान मळकट गडद हिरवं, मागची बाजू आणि देठ जांभळे, वाढ गोठलेली. हे स्फुरदाचं लक्षण, टोमॅटोच्या रोपांत तर अगदी ठळक. पण मातीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की मुळांना असलेलं स्फुरदही उचलता येत नाही. निफाड भागात पारा दर हिवाळ्यात एक आकडी होतो. पुणे आणि नागपूरलाही पहाटे बऱ्याचदा १० च्या खाली जातो, आणि गच्चीवरची कुंडी चारही बाजूंनी गार पडते. जमिनीतल्या झाडाला हा त्रास कमी, कारण जमीन ऊब धरून ठेवते.

इथे खत देऊ नका. कुंड्या भिंतीलगत, सकाळचं ऊन मिळेल तिथे एकमेकींना चिकटवून ठेवा. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी उशिरा घाला. मातीवर पालापाचोळ्याचा थर द्या, कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा. फेब्रुवारीत नवी पानं हिरवी आली की समजा, गारठाच होता. ऊब येऊनही जांभळेपणा गेला नाही, तर मग सामू बघा. स्फुरद फार आंबट मातीतही अडकतं आणि फार चुनखडीच्या मातीतही. सगळं ठीक असेल तर ०:५२:३४ (स्फुरद आणि पालाश असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक-दोन ग्रॅम देऊन बघायला हरकत नाही.

याच्या उलट टोक एप्रिल-मेचं. काळ्या ग्रो बॅगेत दुपारी माती इतकी तापते की मुळं काम थांबवतात, आणि सावलीतून एकदम उन्हात आणलेल्या झाडाच्या पानांवर उन्हाकडच्या बाजूनं कागदासारखे पांढरे चट्टे पडतात. ५० टक्क्यांचं शेडनेट आणि फिकट रंगाची बॅग, एवढंच तिथे करण्यासारखं.

खोडच बिघडलं असेल तर

खोडाच्या बाबतीत वेळ दवडू नका.

मातीलगतच्या बुंध्यावर काळपट-तपकिरी, ओलसर पट्टा गोल फिरलेला असेल आणि वरचं झाड अचानक कोमेजत असेल, तर ती खोडकूज. पावसाळ्यात, निचरा नसलेल्या कुंडीत होते. पट्टा खोडाभोवती पूर्ण फिरला की झाड वाचत नाही. शेजारच्या कुंड्या लगेच लांब करा, पाण्याचे शिंतोडे उडून रोग पसरतो. लागवडीच्या वेळी ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) शेणखतातून द्यावं आणि पालापाचोळा बुंध्याला टेकवू नये, हे प्रतिबंधाचे उपाय. लागण झाल्यावर त्यांचा उपयोग नाही.

शेंड्याकडून खाली फांदी वाळत येते, आधी तपकिरी, मग राखाडी-पांढरी, आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. याला फांद्या वाळणे म्हणतात, आणि हीच बुरशी पुढे फळकूज करते. निरोगी भागात दोन इंच आत जाऊन छाटा, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटनं पुसा, छाटलेलं कंपोस्टात टाकू नका. उरलेल्या झाडावर कॉपर ऑक्सिक्लोराइड लेबलवरच्या प्रमाणात फवारा.

पानं हिरवीगार असताना झाड एक-दोन दिवसांत कोसळलं, तर जिवाणूजन्य मर तपासा. बुंध्याजवळून दोन इंचांचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगून ठेवा. काही मिनिटांत कापल्या जागेतून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले की निदान पक्कं. याला औषध नाही. धागे आले नाहीत, पण खोड उभं चिरल्यावर सालीच्या आत तपकिरी रेघ दिसली आणि पिवळेपणा एका बाजूनं वर चढत होता, तर ती बुरशीची मर. दोन्हींत झाड मातीसकट काढणं हाच मार्ग.

टोमॅटोत शेंड्याकडची पानं तांबूस-जांभळी, खोडावर तपकिरी रेघा आणि शेंडा करपत चाललेला दिसला, तर फुलकिड्यांनी पसरवलेला विषाणू असण्याची शक्यता मोठी. त्याला खत देऊन वाट बघत बसलात तर तोवर शेजारची रोपं जातील.

कीड उणिवेचं सोंग घेते

पान बारीक पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांनी भरून हळूहळू तांबूस होत असेल, तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. मिरीपुडीपेक्षा बारीक ठिपके चालायला लागले की लाल कोळी. मार्च ते मे हा त्याचा काळ, कोरडी गरम हवा त्याला मानवते. पानांच्या मागे पाण्याची जोरदार फवार तीन-चार दिवस मारली तरी तो खूप आटोक्यात येतो.

बोकड्या, म्हणजे चुरडा-मुरडा, ओळखताना पान कुठे वळलंय ते बघा. होडीसारखं वर वळलं तर फुलकिडे. खाली वळून अरुंद झालं आणि मागची बाजू तांबूस चकचकीत झाली, तर पिवळा कोळी. पान बारीक, चुरगळलेलं, झाड ठेंगू आणि पानामागे पांढरी माशी, तर विषाणू. फुलकिड्यांना निळे आणि पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे लावा. सुरुवातीला निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात नीट मिसळून, संध्याकाळी. कोळी आणि भुरी (पांढरी पूड धरणारी बुरशी) या दोहोंवर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम चालतं, पण पारा ३५ च्या वर असताना फवारू नका आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. मिरचीवरची भुरी फसवी असते: वरून पिवळे डाग आणि पांढरी पूड मात्र पानाच्या मागे. थंडीत पानगळ झाली की ही शक्यता आधी तपासा.

उपाय लागू पडला का, कसं कळणार?

पूर्ण पिवळं झालेलं पान सहसा परत हिरवं होत नाही. त्याच्याकडे बघून उपाय फसला असं ठरवलं जातं, आणि त्यावर दुसरा उपाय, मग तिसरा. उपाय कराल त्या दिवशी सगळ्यात वरच्या पानाच्या खाली खोडाला सैलसर रंगीत दोरा बांधा. पुढे फक्त दोऱ्याच्या वरची पानं बघायची. ती सुधारत असतील तर निदान बरोबर. फवारणीनं दिलेलं लोह किंवा मॅग्नेशियम आठवड्यात-दीड आठवड्यात दिसतं, निचरा सुधारल्याचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर एका वेळी एकच बदल. निम्म्याहून जास्त पिवळी पानं एकदम खुडू नका, झाड त्यांतून अजून अन्न ओढत असतं.

मर किंवा खोडकुजीनं झाड गेलं असेल तर त्या मातीत पुन्हा मिरची, टोमॅटो, वांगी किंवा बटाटा लावू नका. मेथी, मुळा, गवार किंवा कांद्याची पात घ्या. मोकळी कुंडी साबणानं घासून कडक उन्हात ठेवा. माती एप्रिल-मेमध्ये ओलसर करून गच्चीवर चार-सहा इंचांच्या थरात पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट ताणून कडा विटांनी दाबा आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवा. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकाखालीच माती जास्त तापते. पावसाच्या तोंडावर ती उघडून गांडूळखत आणि ट्रायकोडर्मा मिसळलं की पुन्हा भरायला तयार. जिवाणूजन्य मर मात्र निघाली असेल, तर ती माती भाजीच्या कुंडीत परत आणूच नका.